सोबत आलेल्या नातेवाईकाची सही

दादा, गावात सगळे म्हणतायत की तुला इंजेक्शनने मारलं.

तेराव्याच्या पंगतीतही हाच विषय. एक जण म्हणाला, "मणक्यात सुयो मारून घेतल्यान, मगे दुसरा काय होतला?" त्याच्या शेजारचा म्हणाला, "ता स्टिरॉइड म्हणजे इखच आसता." मी वड्यांची परात घेऊन वाढत होते. ती तिथेच खाली ठेवली आणि म्हटलं, "अठ्ठावीस वर्सां सरकारी दवाखान्यात नर्स म्हणान सुयो टोचलंय. सुयेन माणसां मरत असती तर ह्यो अर्दो गाव माज्याच हातान मेलो असतो." वहिनीने मला दंडाला धरून आत नेलं. तेरावं तिच्या नवऱ्याचं, आणि शांत मला करायला लागत होतं.

मी तुझी बाजू घेतली असं समजू नकोस. मी इंजेक्शनची बाजू घेतली. तू त्रेसष्ट वर्षांचा होतास, साखर होती, बिडी होती. सकाळी पोफळीच्या बागेत पंप चालू करायला गेलास, पाटाच्या कडेला बसलास तो बसलासच. हृदय थांबलं. कशाने थांबलं ते ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरला सांगता आलं नाही, मला सांगता येत नाही, आणि पंगतीतल्या शहाण्यांना मात्र सगळं ठाऊक! इंजेक्शनने तुझं काय केलं ते मला माहीत नाही. तू इंजेक्शनचं काय केलंस ते मला चांगलं माहीत आहे. आज वीस दिवस झाले, नवरात्राची सहावी माळ चढली, तरी तो राग उतरत नाही.

आपण दोघं आयुष्यात कधी असल्या मराठीत बोललो नाही, पण लिहायला बसले की माझ्या हातून केसपेपरवरचीच भाषा येते. चालवून घे. तसंही मी बोलले तेव्हा तू कुठे ऐकलंस?

सतराव्या वर्षापासून तू चिरेखाणीवर ट्रक भरलेस. जांभ्याचा ओला चिरा पाठीवर आणि पायाखाली फळी, दिवसभर. त्याच दिवसांत मला नर्सिंगला जायचं होतं आणि बाबा फॉर्मवर सही करायला तयार नव्हते. "घरातला चेडू लोकांचा हगणा-मुतणा काढूक जाताला?" म्हणून त्यांनी फॉर्म भिरकावला होता. तू खाणीवरून आलास, लाल हात चड्डीला पुसलेस आणि पालकाच्या जागी सही ठोकलीस. पुढे 'नाते' असं लिहिलं होतं, तिथे लिहिलंस 'भाऊ'. तुझ्या हातचा तो 'भ' बेडकासारखा बसलेला असतो. फॉर्मच्या कोपऱ्यावर तांबड्या मातीचा अंगठा उठला होता आणि कॉलेजातल्या क्लार्कने मला त्यावरून बोल लावला. मी अठरा वर्षांची, तू बावीसचा. बाबा महिनाभर तुझ्याशी बोलले नाहीत आणि तू एकदाही मला ते बोलून दाखवलं नाहीस.

तुझी कंबर त्या खाणीतच गेली. पन्नाशीत खाण सोडून बाग धरलीस, पण दुखणं मागोमाग बागेत आलं. डाव्या ढुंगणातून निघालेली कळ अंगठ्यापर्यंत जायची. तेलं झाली, निगडीचा शेक झाला, कुणकेश्वराला नवस बोललास, पायाळू माणसाचे पाय कंबरेला लावून घेतलेस. शेवटी बसवेना म्हणून उभ्याने जेवायला लागलास, तेव्हा मी तुला माझ्या सासरी, पिंगुळीला घेऊन आले. दोन दिवस तू आमच्या पडवीत पोटावर पडून होतास. तिसऱ्या दिवशी कुडाळला मणक्याच्या डॉक्टरकडे नेलं. ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि ती सुरू मी केली, हे मी विसरलेले नाही.

डॉक्टर घाटावरचा, तरुण, समजावून सांगणारा. फोटो बघून म्हणाला, गादी सरकलीय, शिरेवर दाब आहे. मग विचारलं, "जड उचलायचं काम करता का?"

"नाय, साहेब," तू म्हणालास.

"करतो," मी म्हटलं. "तरंगकाठी धरतो."

त्याला तरंग माहीत नव्हता. मीच सांगितलं: देवीची काठी, दोन पुरुष उंच, वर कळस, अंगावर नेसवलेली लुगडी. दसऱ्याला ही देवळातून निघते, आपट्याच्या झाडाकडे जाऊन सोनं लुटून परत येते. धरणारा अनवाणी, कंबर कसून बांधलेली, आणि अंगात वारं आलं की काठी घेऊन नाचायचं. मान आमच्या घराण्याचा. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "मग तुमच्या कंबरेचं दुखणं मी नाही, तुम्हीच बरं करायचंय. मी इंजेक्शन देतो. त्याने शिरेभोवतीची सूज उतरते, झीज भरून येत नाही. आराम कुणाला काही आठवडे पडतो, कुणाला काही महिने, कुणाला पडतही नाही. पडला तर ते दिवस व्यायामाचे. पोटाचे, पाठीचे स्नायू घट्ट करा. काठी वगैरे नाही. आणि साखर आहे, ती या औषधाने काही दिवस वाढते. रोज तपासायची." तू प्रत्येक वाक्याला मान हलवलीस. तुझी ती मान मला ओळखीची होती. बाबांच्या शिव्या खातानाही तू तशीच हलवायचास.

ओळखीमुळे त्यांनी मला शिशाचा एप्रन घालून आत उभं राहू दिलं. तू पालथा, पोटाखाली उशी, वर क्ष-किरणांचं मशीन. डॉक्टर सुई घालत होता आणि तू उशीत तोंड खुपसून पुटपुटत होतास.

"काय म्हणतायत ते? दुखतंय का?"

"नाही. देवाला गाऱ्हाणं घालतोय."

"बा देवा म्हाराजा, आज जो काय ह्यो डॉक्टर तुज्या लेकराच्या पाठीत सुय घालता हा, तेच्या हाताक येस दी रे म्हाराजा," एवढं म्हणून तू थांबलास. गाऱ्हाण्याला दुसऱ्याने होकार भरावा लागतो. तिथे दुसरं कोण होतं? मी एप्रनच्या आतून हळूच म्हटलं, "होय म्हाराजा." डॉक्टरचा हात हलला नाही हे नशीब.

चौथ्या दिवशी तू पिंगुळीच्या तिठ्यावर चालत जाऊन बांगडे घेऊन आलास. मी दारात उभी राहून बघत होते आणि माझ्या तोंडून गेलं, "दादा, जादू झाली रे!" अठ्ठावीस वर्षांत एकाही पेशंटला मी असलं बोलले नव्हते. पेशंटला आम्ही म्हणतो, बघू, वेळ लागेल, औषध चालू ठेवा. सख्ख्या भावाला मात्र म्हटलं जादू. डॉक्टरचं सगळं बोलणं तू विसरलास, तो एक शब्द तेवढा धरून ठेवलास.

त्यानंतर पंधरा दिवसांनी दसरा होता. मला वाटलं, निदान या वर्षी काठी गुरवाच्या हातात देशील. तू देवळातून बाहेर आलास ते काठी घेऊन. तीन वर्षं लंगडत धरणारा माणूस त्या दिवशी असा नाचला की बायका हात जोडून रडायला लागल्या. "देवी पावली," सगळे म्हणत होते. मी गर्दीत उभी, दात-ओठ खात. संध्याकाळी घरी विचारलं तर तू घाम पुसत म्हणालास, "देव उचलता गो बाय. मी नुस्तो धरतंय."

"देव उचलता तर मगे डॉक्टराकडे कित्याक गेल्लंस?"

तू इकडेतिकडे बघितलंस आणि माझा हात धरलास. "बाय, तुका माजी शपत. सुयेचा कोणाक सांगा नको. लोक म्हणतले, देवीन ह्येका सोडल्यान, आता डॉक्टर काठी नाचयता. आणि भास्कर तर वाटच बघता हा."

भास्कर, आपला चुलतभाऊ. त्याच्या आणि तुझ्या घरांमध्ये एक पाणंद आणि अकरा वर्षांचा अबोला. काठी थोरल्या घराकडे का, पाळीपाळीने का नाही, यावरून तुम्ही दोघं देवळात एकमेकांच्या अंगावर गेला होतात. त्या भास्कराला कळू नये म्हणून मी शपथ घेतली. माझं चुकलं. गुपित ठेवलं आणि तुझ्या गळ्यात मीच दोर बांधला. त्यापुढे तुला थांबवायला माझ्याशिवाय कोणी उरलंच नाही.

मग तू इंजेक्शनचा मुहूर्त काढायला लागलास. दसऱ्याच्या आधी पंधरा-वीस दिवस, म्हणजे काठीच्या दिवशी कंबर ऐन भरात. दोन वर्षांनी एकदा शिमग्याच्या आधीही. माणसं लग्नाआधी घराला चुना लावतात तसं तुझं चाललं होतं. डॉक्टर सांगायचा, हे दिवस कंबर घट्ट करायला मिळालेत. तू ते सगळे दिवस काठीला देऊन टाकायचास आणि मग उरलेलं वर्ष कण्हायचास. व्यायामाचा कागद, आठ चित्रांचा, त्याने हातात दिला होता. तो तू देवघरात गणपतीच्या फोटोमागे सारलास. विचारलं की म्हणायचास, "आयुष्यभर चिरे उचललंय, आता हे माका पाय वर करूक शिकवतत!" गरज सरो, वैद्य मरो. साखर तपासायचं मशीन मी आणून दिलं, ते वहिनीने मला परवा दाखवलं. खोक्याची पट्टीसुद्धा फाडलेली नाही. पाठीत बोटभर लांब सुई घेणारा माणूस बोटाला टोचायला घाबरत होता, हे मी कुणाला सांगू?

आणि तरी दर वेळी तू आदल्या दिवशी पिंगुळीला यायचास आणि मी तुझ्याबरोबर जायचे. संमतीपत्रावर खाली एक ओळ असते: सोबत आलेल्या नातेवाईकाची सही. सहा वर्षांत मी तिथे सात सह्या केल्या. दर वेळी ठरवायचे, या वेळी शेवटची. तू गाऱ्हाणं पुटपुटायचास आणि मी बाहेरच्या बाकावर बसून होय म्हाराजा म्हणायचे, कारण पहिल्या वेळेनंतर त्यांनी मला आत घेतलं नाही.

या गणपतीत फुटलं ते. मी माहेरी आले होते, तुझ्या पिशवीत चष्मा शोधत होते आणि हाताला गोव्यातल्या एका दवाखान्याचा कागद लागला. तीन महिन्यांपूर्वी तू तिकडे जाऊन इंजेक्शन घेऊन आला होतास, कारण कुडाळचा डॉक्टर म्हणाला होता, इतक्यात नाही. आणि आता दसऱ्यासाठी परत कुडाळला जायचं तू ठरवलं होतंस, गोव्याचं न सांगता.

"सांगतलंस काय डॉक्टराक?" मी विचारलं.

"तेका कित्याक सांगूचा? तो उगाच नाय म्हणतलो."

"मगे माका सांगा नको. माजी सही मिळूची नाय."

"गो बाय, मोठ्यान बोला नको. गणपती आसा घरात."

"गणपतीक पण आयकांदे! खोटा बोलान मणक्यात सुय घेतलंस आणि काय झाला तर? माका काय धाड भरलीहा काय सही करूक? आणि उद्या म्हेशाक काठी देतलंस. तो आताच हॉटेलात बॅगो उचलून कंबर धरून चलता. तेका पण न्हेवन पालथो घालतलंस?"

महेश म्हणजे तुझा मुलगा, पणजीला हॉटेलात कामाला. त्याचं नाव काढल्यावर तू उठलास, समईची वात सारखी केलीस, तेल घातलंस, परत वात सारखी केलीस. शेवटी पाठमोराच म्हणालास, "नको येव. सही करूक माणसां मिळतत." मला वाटलं, याने काही ऐकलेलंच नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मी त्याच दिवशी दुपारच्या एसटीने निघाले. तू तिठ्यापर्यंत माझी पिशवी धरून आलास आणि आपण एक अक्षर बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात तुझा फोन आला होता. एकदाच. मी घेतला नाही. मला वाटलं, परत सहीसाठीच असणार.

नंतर फोन आला तो वहिनीचा. इंजेक्शन घेऊन चौथाच दिवस. घाईत तिने तुझी फाईल घेऊन रुग्णालय गाठलं, तिथे डॉक्टरने भर व्हरांड्यात विचारलं, "मणक्यात इंजेक्शन कधी घेतलं होतं?" आणि सहा वर्षं जपलेलं गुपित तू थंड व्हायच्या आत गावभर झालं.

तेराव्याला पंगत उठल्यावर महेश माझ्याजवळ आला. डोळे सुजलेले, एक हात कंबरेवर. "आत्ये, एक विचारू? बाबांका खंय दिल्यानी ता इंजेक्शन? माका मिळात काय दसऱ्याच्या आधी? काठी धरूची आसा. सुतक सुटलाहा, मान चुकूक नको."

दादा, मी त्याच्यावर ओरडले. आवशीक खाव, म्हटलं, बापाची राख अजून ओली आहे आणि तू त्याच रांगेत? तो म्हणाला, "मगे काय, भास्करकाकाक देव? बाबांनी अकरा वर्सां तोंड बघूक नाय तेचा." त्याचंही बरोबर होतं. तू त्याला तेवढंच शिकवलं होतंस. पस्तीस वर्षांचा मुलगा, तुझ्यासारखाच कंबर धरून उभा, तुझ्यासारखाच हट्टी, आणि मी त्याला कशाने अडवणार होते? मी तुला सहा वर्षांत अडवू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी तुझी फाईल घेऊन बसले. म्हटलं, तारखा लिहून काढू, महेशला दाखवू, बघ बापाने काय करून घेतलं. माझ्या सात सह्या. प्रत्येकीपुढे 'नाते: बहीण'. मग शेवटचा कागद. आधी डॉक्टरची नोंद: गोव्यात तीन महिन्यांपूर्वी इंजेक्शन घेतल्याचे रुग्णाने स्वतःहून सांगितले. मी ते तीनदा वाचलं. तू सांगितलंस? स्वतःहून? आणि खाली, सोबत आलेल्या नातेवाईकाची सही. भास्कराची. पुढच्या रकान्यात त्याचं अक्षर नव्हतं. ते तू लिहिलं होतंस, नाते: भाऊ. नुसतं भाऊ, चुलतही नाही. बेडकासारखा बसलेला तोच 'भ'.

मी तशीच चप्पल न घालता पाणंद ओलांडली. भास्कर खळ्यात नारळ सोलत होता. मला बघून त्याने कोयता खाली ठेवला. मी कागद त्याच्या नाकासमोर धरला. "ह्या काय?"

"बस आदी," तो म्हणाला.

"बसाक येवक नाय मी. ह्या काय ता सांग."

त्याने सांगितलं. तू सकाळी त्याच्या दारात जाऊन उभा राहिला होतास. अकरा वर्षांनी पहिलं वाक्य म्हणे, "भास्करा, मोटरसायकल काढ. कुडाळाक जावचा आसा." तो इतका गडबडला की काही न विचारता त्याने गाडी काढली. वाटेत तू त्याला सगळं सांगितलंस. सहा वर्षं ज्याच्यापासून लपवण्यासाठी मला शपथेत बांधलंस, त्यालाच! "माका म्हणालो, ही शेवटची सुय," भास्कर सांगत होता. "ह्यो दसरो धरतंय. मगे काठी तुजी. म्हेशाक नको. तेची कंबर आताच गेलीहा. बाय म्हणता ता खरा, म्हणालो."

"काय म्हणालो?"

"बाय म्हणता ता खरा."

मी खळ्यातच खाली बसले. सहा वर्षं, दादा! सहा वर्षं मी घसा फोडून सांगितलं आणि तू ते कबूल केलंस कुणाजवळ, तर भास्कराजवळ, मोटरसायकलवर, वाऱ्यात!

"मगे माका कित्याक सांगूक नाय तेणा? आणि तू? तेरा दिस तू गप कसो ऱ्हवलंस?"

"मी काय सांगूचा? कोण विश्वास ठेवतलो? म्हणतले, मेलेल्या माणसाच्या नावान भास्कर काठी मागता. आणि तुका सांगा नको म्हणालेलो. दसऱ्याक सोना घेवन मी आपणच जातलंय पिंगुळेक, म्हणालो. तेव्हा सांगतलंय. फोनार ती माजा आयकाची नाय."

मग तो नारळ बाजूला सारत म्हणाला, "आत न्हेताना स्ट्रेचरावर गाऱ्हाणा घालूक लागलो गो. होय म्हाराजा म्हणूक कोणच नाय. नर्स हसाक लागली. मगे मीच म्हटलंय."

महेशला मी ते तोंडाने सांगितलंच नाही. भास्कराला घेऊन गेले, तुझा निरोप त्यालाच सांगू दिला, मग कागद महेशच्या मांडीवर ठेवला आणि बोट दाखवलं. आधी तो तडकला. काकाने सही केली म्हणून काय झालं, सही कोणीही करील. मी म्हटलं, सहीकडे बघू नकोस, बाजूचं अक्षर बघ. त्याने कागद उजेडात धरला. वहिनी दारातून म्हणाली, "ता तेंचाच अक्षर." महेश कागद घेऊन मागच्या पडवीत गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा नाक ओढत भास्कराला म्हणाला, "काका, काठयेचो शेलो वरच्या फडताळात आसा. काढून देतंय." एवढंच. पण मला तेवढं पुरलं, कारण माझ्यासाठी काठी कोणाकडे जाते हा प्रश्नच नव्हता. मुलगा वाचायला हवा होता.

आता तुला वाटेल, झालं, मिटलं. कसलं मिटलं! भास्कर निघताना पायरीवर थांबला आणि मला म्हणाला, "बाय, एक सांगू? कंबर माजी पण दुखता. मी पण खाणीर होतंय मां. दादाक दिल्यानी ती सुय…"

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. देवघरात गेले, गणपतीच्या फोटोमागून तुझा तो आठ चित्रांचा कागद काढला. सहा वर्षांत त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. तेव्हापासून मी इथेच राहिलेय. घटस्थापनेपासून रोज सकाळी भास्कर त्याच्या खळ्यात गोणपाटावर पाठीवर पडतो, गुडघे मोडतो, ढुंगण वर उचलतो, आणि मी दहापर्यंत मोजते. तो अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या लाजतो, बायको खिडकीतून हसते, महेश बाजूला चटई टाकून तेच करतो. सहा दिवसांत काही कंबर घट्ट होत नाही, हे मला कळतं. म्हणून देवळाचा कारभार बघणाऱ्या गावकराकडून कबूल करून घेतलंय की या वर्षी भास्कर काठी फक्त देवळाच्या पायरीपर्यंत धरेल, पुढे चौघं पाळीपाळीने. गावकर कुरकुरला. मी म्हटलं, देव उचलतो ना? मग कोणीही धरलं तर त्याला काय? हे तुला सुचलं असतं तर? मलाच आधी का सुचलं नाही?

आणि हो, भास्कराला गरज लागली तर मी त्याला इंजेक्शनला नेईन. सगळं खरं सांगून, सगळ्यांसमक्ष, दसऱ्याचा मुहूर्त न बघता. ती सुई वाईट नव्हती, दादा. मला तिचा राग नाही.

दसऱ्याला तू सोनं घेऊन माझ्या दारात आला असतास. म्हणाला असतास, "बाय, तुजा खरा होता." मी काही तुझ्या गळ्यात पडले नसते. "सहा वर्सांनी? आता सांगतस?" म्हणून दोन दिवस तुला तेच ऐकवलं असतं. चहा ठेवला असता, तू म्हणाला असतास, "साखर घाल गो वायच," आणि आपण परत भांडलो असतो. तेवढं भांडण माझ्या हक्काचं होतं.

तो फोन मी घेतला नाही. तू माझ्या फॉर्मवर लाल हाताने, न विचारता सही केलीस, आणि मी तुला एका सहीसाठी भास्कराच्या दारात जायला लावलं. ओरडले असते, वाटभर तोंड सोडलं असतं, पण बाकावर बसून होय म्हाराजा मीच म्हटलं असतं. मी आले असते रे, दादा. आणखी एकदा विचारायचं होतंस.